फुल टाईम सेवेचं तू विचारलंस त्यावर

प्रिय भावड्या,

सलाम. तुझी व्हॉईस नोट ऐकली. फोनवर टाईप करून उत्तर द्यायला बसलो तर अंगठा दुखायला लागला, म्हणून आता सगळे झोपल्यावर लॅपटॉप उघडलाय. लांबलचक होणार आहे, चहा घेऊनच बस.

तू म्हणतोस नोकरी सोडायची, बायबल कॉलेजला जायचं आणि फुल टाईम सेवेत, म्हणजे चर्चच्याच कामात, उतरायचं, कारण आत्ता जे चाललंय ते अर्धवट वाटतं, सोमवार ते शनिवार कंपनीचा आणि रविवारी सकाळी दोन तास देवाचा. हे वाटणं मला कळतं रे. पण मी पाळक (पास्टर) नाही, मार्केटमधला हिशोबनीस आहे, तेव्हा माझं म्हणणं सरळ ऐक. सेवेचं बोलावणं असेल तर जा, मी स्वतः ठाण्याहून तुला सोडायला येईन. पण मन अर्धं आहे म्हणून जात असशील तर थांब, कारण ते अर्धं मन राजीनामा देऊन पूर्ण होत नाही, ते बॅगेतून तुझ्याबरोबर कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये पण येतं.

संडे स्कूलला आपल्याकडून पाठ करून घेतलेलं आठवतं ना, पूर्ण अंतःकरणाने, पूर्ण जिवाने, पूर्ण मनाने, पूर्ण शक्तीने देवावर प्रीती कर. प्रभू येशूने ते मुळात जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातून, सहाव्या अध्यायातून उचललंय. आता तिथे जाऊन पुढच्या ओळी वाच, ज्या आपल्याला कुणी पाठ करायला लावल्या नाहीत. तिथे मंदिराचं नावच नाही. घरात बसलेला असताना, रस्त्याने चालताना, झोपताना, उठताना, दाराच्या चौकटीवर, फाटकावर, एवढंच आहे. म्हणजे आमच्या भाषेत ठाणे स्टेशनचा ९ नंबर प्लॅटफॉर्म, वाशी लोकल, तुर्भ्याला उतरून मार्केटपर्यंतची पायपीट, आणि संध्याकाळी परत तेच उलट. मी प्रार्थना खरं तर लोकलमध्येच करतो, ऐरोली-रबाळेला आयटीवाली गर्दी उतरली की जरा श्वास घेता येतो, तिथून तुर्भेपर्यंत. डोळे मिटत नाही, मिटले तर झोप लागते.

आता मार्केटचं सांगतो कारण तुला वाटतं माझं काम म्हणजे नुसते आकडे. कांदा-बटाटा मार्केटात शेतकऱ्याचा माल येतो, हमाल उतरवतात, तोलाई होते, विकला जातो आणि मग त्याच्या नावाची पट्टी निघते. वजन, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडं, वजा जाता हातात काय ते. ओतूरचा किंवा तुमच्या पारनेरचा माणूस तिकडे बसून त्या पट्टीवर मुलीची फी भरायची की खताची उधारी फेडायची ते ठरवतो, आणि त्याने आपला माल आमच्या काट्यावर चढताना पाहिलेला पण नसतो. म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवण्याशिवाय त्याच्याकडे काही नाही. मी आधी जिथे होतो (नाव घेत नाही) तिथे माल ओला आहे म्हणून गोणीमागे कटती (वजनातली वजावट) जरा जास्त लावायची पद्धत होती, ओला असो नसो. मी म्हटलं शेठ, हे मी लिहिणार नाही, तुम्हाला लिहायचं तर तुम्ही लिहा. ते चिडले नाहीत, हसले आणि म्हणाले, तुम्ही चर्चवाले लोक फार नाजूक. दुसऱ्या दिवशी पट्ट्या दुसऱ्या मुलाकडे गेल्या आणि मला उधारी वसुलीच्या फोनवर बसवलं. दिवाळीला बोनस सगळ्यांपेक्षा कमी. शेतकऱ्याला त्यातनं काय मिळालं म्हणशील तर काही नाही, कटती चालूच राहिली, फक्त माझ्या अक्षरात नव्हती. ही साक्ष मंडळीत (चर्चमध्ये) द्यायला उभा राहिलो तर टाळ्या पडणार नाहीत, कारण शेवटी देवाने मला मोठी नोकरी दिली वगैरे काही झालं नाही. वर्षभराने मी दुसरा गाळा धरला, पगार तेवढाच.

पण भावड्या, खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो हे नीतिसूत्रांत लिहिलंय, ते मार्केटातच लिहिलंय असं मला वाटतं. आणि प्रेषित पौलाने कलस्सै गावच्या मंडळीला पत्रात जे लिहिलं की माणसांसाठी म्हणून नको, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, ते कुणाला उद्देशून लिहिलंय बघ. पाळकांना नाही, मंडळीच्या वडीलजनांना नाही, दासांना. ज्यांना राजीनामा द्यायचीच सोय नव्हती अशांना.

दानीएलचं पण तसंच. आपण लगेच सिंहांच्या गुहेवर उडी मारतो, पण त्याच्या पुस्तकातल्या सहाव्या अध्यायाची सुरुवात वाच. राजाच्या दरबारातला मोठा अधिकारी होता तो. त्याच्या जागेवर टपलेल्या लोकांनी आधी त्याच्या सरकारी कामात खोट शोधली, मिळाली नाही. ऑडिट क्लीन. मग नाइलाजाने त्यांना त्याच्या देवाच्या बाजूने सापळा लावावा लागला. खिडकी उघडून दिवसातून तीनदा प्रार्थना करणारा तोच माणूस होता आणि फाईल चोख ठेवणारा पण तोच. मंडळीत आपण खिडकीबद्दल खूप प्रवचनं ऐकतो, फाईलबद्दल कमी ऐकतो.

तू विचारलं होतंस की दिवाळीत गाळ्यावर काय करतोस. हिशोब सगळा टॅलीत, तरी लक्ष्मीपूजनाला लाल चोपडी येतेच, आणि पहिल्या पानावर लिहायला हिशोबनीसालाच बसवायची रीत. आत्ताच्या शेठना मी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं की मी ख्रिस्ती आहे, पूजा माझ्या हातून होणार नाही, बाकी काहीही सांगा. मग मी सकाळी लवकर जाऊन गाळा झाडतो, खुर्च्या मांडतो, हमालांना मिठाईचे बॉक्स वाटतो, आणि पूजेच्या वेळी बाजूला गप उभा राहतो. कुणाला काही खटकलेलं नाही. बायबलमधल्या नामानाचं आठवतं मला तेव्हा, तो परदेशी सेनापती, ज्याचा कोड अलीशा संदेष्ट्यामुळे बरा झाला. बरा झाल्यावर तो अलीशाला म्हणतो, माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढी क्षमा असू दे. आणि अलीशा त्याला लेक्चर देत नाही, शांतीने जा म्हणतो. नोकरी सोड म्हणत नाही! (प्रसाद खावा की नाही हा वाद इथे काढत नाही, त्यावर तुझं माझं कधीच जुळलं नाही आणि पौलाचंच दोन्ही बाजूंनी वाचता येतं.)

आता तू टिळकांचं (लोकमान्य नव्हे, कवी ना. वा. टिळक) उदाहरण देणार, मला माहितीये, नगरकर आहेस शेवटी. बरोबर आहे, रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली मिशनचं काम आणि पगार दोन्ही सोडलं आणि 'देवाचा दरबार' हा आपला भक्तसमाज सुरू केला. पण बाप्तिस्मा झाला १८९५ ला. मधली बावीस वर्षं शिकवणं, लिहिणं, गाणी रचणं, संपादन, हीच रोजची कामं चालली होती ना. आणि दुसरं म्हणजे टिळक हातातलं आहे नाही ते देऊन मोकळे व्हायचे तेव्हा घरात चूल कशी पेटायची हे त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलंय, ते वाच. त्यावरून सरळच विचारतो, वहिनीशी बोललायस का? व्हॉईस नोटमध्ये देवाचं नाव खूप वेळा आलं, तिचं एकदा पण नाही.

केडगावचं पण घे (तुमच्या नगरचं केडगाव नव्हे, दौंडकडचं, मुक्ती मिशनचं). पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, हे आपण सांगतो. पण ते छापलं तिथल्याच छापखान्यात, आणि खिळे जुळवायला तिथल्याच बायका-मुली होत्या. एकेक अक्षर उलटं लावायचं, पान झालं की परत मोडायचं. त्यातल्या कुणाला बोलावणं आलं असेल असं आपण म्हणत नाही, पण मला वाटतं आलं होतं.

अजून एक सांगतो, हे तुला आवडेल कारण तुला शहीद लोक आवडतात. १३२१ साली आमच्या या ठाण्यात चार फ्रान्सिस्कन (एका कॅथलिक संघाच्या) संन्याशांना ठार मारलं होतं, तोलेंतीनोचा थॉमस आणि त्याचे तीन साथीदार. तळावपाळीवर फिरताना, समोर सेंट जॉनचं चर्च दिसतं तेव्हा, हे डोक्यात येतं कधीकधी. त्यांच्याबरोबर आलेला पाचवा एक होता, जॉर्डानुस नावाचा, डॉमिनिकन या दुसऱ्या संघाचा. तो त्या वेळी ठाण्यात नव्हता म्हणून वाचला. परत आला, सोपाऱ्याला त्यांचं दफन केलं आणि मग एकटाच इकडे काम करत राहिला, पुढे त्याला कोल्लमचा बिशप नेमलं. चौघांची नावं धर्मगुरू लोक आदराने घेतात, घ्यायलाच हवीत. पण मला हा पाचवाच जास्त जवळचा वाटतो. साथीदार गेले, आपण उरलो, आता उद्या सकाळी उठून परत त्याच गावात, त्याच उकाड्यात, ज्यांची भाषा धड येत नाही अशा लोकांत जायचं. त्या सकाळचं कुणी चित्र काढत नाही.

घरचं सांगायचं तर इथे तू मला मोठा भक्त समजू नकोस. बायकोची या महिन्यात नाईट आहे, ती आठला निघते, त्यामुळे कौटुंबिक प्रार्थना साडेसातला उरकावी लागते, कुकरची शिट्टी आणि वरच्या मजल्यावरचं ड्रिल यांच्या साथीने. एक स्तोत्र, एक गीत, प्रभूची प्रार्थना, बस. आई सूर लावते तो आमच्या कुणाच्याच पट्टीत नसतो. परवा धाकटी म्हणाली, पप्पा आपण देवाला रोज तेच तेच सांगतो, तो बोअर होत नसेल का? आई पटकन म्हणाली, तू मला रोज तेच तेच विचारतेस, मी होते का? मी गप्प बसलो, माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नव्हतं.

आणि बरेच दिवस काहीच वाटत नाही रे. वचन वाचतो आणि डोक्यात जीएसटीची तारीख फिरते. तू ज्याला आग म्हणतोस ती रोज नसते. आधी मला याची फार काळजी वाटायची, आता एवढी नाही वाटत. बायको वॉर्डात रात्री तीनला पेशंटची कूस बदलते तेव्हा तिला काय वाटतं हे पेशंट विचारत नाही, कूस बदलली की त्याला बरं वाटतं. देवाला आपलं मन हवंय हे खरंच आहे, पण मन म्हणजे नुसती भावना असं कुणी सांगितलं?

उलट मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, चर्चमध्ये फार बिझी असण्याची. आमच्याकडे लेंटमध्ये (ईस्टरच्या आधी) चाळीस दिवस उपवास करणारी माणसं आहेत, मनापासून करतात, आणि त्यांच्याच घरी काम करणाऱ्या मावशींना पगारासाठी दहा तारखेपर्यंत ताटकळावं लागतं. यशया ५८ मध्ये नेमकं हेच आहे, उपवासाच्या दिवशी तुम्ही मजुरांना राबवून घेता. लेवीय या पुस्तकात तर मजुरी रात्रभर पण अडकवून ठेवू नका म्हटलंय. मला विचारशील तर पहिल्या तारखेला मावशींच्या हातात पूर्ण पैसे ठेवणं, गावाला गेल्या ते दिवस न कापता, हे तरुण संघाच्या एका अख्ख्या शिबिराइतकं आहे. तरुण संघवाले चिडतील, चिडू देत.

आणि प्रभू स्वतः तिशीपर्यंत नासरेथात सुताराच्या घरात, सुतारकामात होता. यार्देन नदीवर बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून आवाज आला की हा माझा परमप्रिय पुत्र, याच्याविषयी मी संतुष्ट आहे, तेव्हा त्याने एकही प्रवचन दिलं नव्हतं, एकही चमत्कार केला नव्हता. मग बाप कशाने संतुष्ट होता त्या तीस वर्षांत? यावर मला कधीतरी तुझ्याशी रात्रभर बोलायचंय.

तर सध्या असं कर. राजीनामा मेलच्या ड्राफ्टमध्येच राहू दे. आधी वहिनीशी बोल, मग तुमच्या पाळक साहेबांशी, त्यांना खरं विचार की त्यांचा आठवडा कसा जातो, किती वेळ प्रार्थनेत आणि किती वेळ ट्रस्टच्या कागदांत आणि कमिटीच्या भांडणांत. आणि तो जो तुझा टीममधला पोरगा आहे, ज्याचं काम तू करतोस आणि क्रेडिट तो घेतो, त्याच्याशी या महिन्यात कसं वागायचं ते बघ. मी हे चेष्टेत म्हणत नाहीये. त्याच्यासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना कर आणि मग मला सांग सोपं काय आहे, हे की बायबल कॉलेज. त्यानंतर पण जावंसं वाटलं तर फॉर्म भर, पहिल्या वर्षाच्या फीला माझ्याकडून जमेल तेवढं देईन, हा शब्द आहे.

मे महिन्यात पोरांना घेऊन नगरला यायचं ठरतंय, ठाण्याहून सकाळची एसटी धरू. त्याआधी रविवारी उपासनेनंतर फोन करतो, उचल. आईचं गीतांचं पुस्तक पार सुटं झालंय, तिकडे मोठ्या अक्षरातलं मिळतं का बघून ठेव, पैसे मी लगेच पाठवतो. वहिनीला आणि काकींना सलाम सांग, पिंट्याच्या दहावीचं काय झालं ते पण कळव.

तुझाच,
ठाण्याचा हिशोबनीस