शेतात सापडलेली चकती दाखवायची कुणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च २०२५ मध्ये बऱ्हाणपूरजवळ असीरगडाखालच्या शेतांत लोक रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन खणत असल्याची बातमी आली होती. एका चित्रपटानंतर तिथे मोगलांचं सोनं पुरलंय अशी हूल उठली आणि माणसं कुदळ-फावडी घेऊन लोटली. त्या बातमीने मला फार अस्वस्थ केलं होतं. मी मूळची राजापूर तालुक्यातली, आता इंग्लंडमध्ये केंट परगण्यात राहते, आणि सुट्टीच्या दिवशी हेच यंत्र घेऊन इथली शेतं तुडवणं हा माझा छंद आहे. सोनं कुणाला मिळालं की नाही याच्याशी मला कर्तव्य नाही. पण सोनं शोधणाऱ्याच्या हाती एखादी हिरवी पडलेली कडी किंवा शिशाची वेडीवाकडी चकती आली, तर तो ती बांधावर भिरकावून पुढे जातो. आणि कित्येकदा सगळ्यात बोलकी वस्तू तीच असते.

या यंत्राबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. ते सोनं ओळखत नाही. त्याच्या तळाच्या तबकडीतून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, खालच्या धातूत त्याने क्षणभर वीज खेळते आणि यंत्र तेवढ्यावर आवाज काढतं. पातळ सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी यांचा आवाज जवळपास सारखाच येतो. दिवसभर फिरून पिशवीत जमतं ते बहुतेक असल्या कड्या, बंदुकीच्या काडतुसांची पितळी बुडं, सिगारेटच्या पाकिटातली चांदी. त्यातून एखादी वस्तू अशी निघते की हातात धरून माणूस नुसता बघत राहतो. ही आहे तरी काय? खरं काम तिथून सुरू होतं.

माझ्या हातातली एक वस्तू सांगते. शिशाची चकती, आपल्या जुन्या चार आण्याच्या नाण्यापेक्षा जरा मोठी, कडा चेपलेल्या. एका अंगाला तुटलेली पट्टी, मध्ये फुगीर टेंगूळ. चिखल ओला होता तोवर काहीच दिसेना. घरी पाण्याखाली धरून मऊ ब्रशाने हलकेच माती काढली, दिव्याचा उजेड आडवा पाडला, आणि बदामाच्या आकाराची रेघ उठून दिसली. बदामाचे चार भाग, प्रत्येकात एक अक्षर, वर इंग्रजी चारच्या आकड्यासारखी खूण. अक्षरं होती व्ही, ई, आय, सी. हे चिन्ह मी लहानपणी आजोबांच्या डब्यात पाहिलं होतं, तांब्याच्या नाण्यावर. १७९१ सालची मुंबई इलाख्याची ती नाणी बर्मिंगहॅमच्या टांकसाळीत पाडलेली. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचा हाच बदाम, दुसऱ्या बाजूला तागडी आणि तिच्या पारड्यांमध्ये फारसी अक्षरं. कोकणात अशी नाणी अजूनही कुणाकुणाच्या घरी निघतात.

माझ्याकडची चकती मात्र नाणं नव्हती. ती कापडाला ठोकायची मोहर, म्हणजे शिक्का, निघाली. शिशाच्या दोन चकत्या एका पट्टीने जोडलेल्या असत. पट्टी कापडाच्या काठावर दुमडायची, एका चकतीचा खुंट कापडातून दुसरीच्या भोकात घालायचा आणि वरून छाप ठोकून तो चेपायचा. टेंगूळ म्हणजे तो चेपलेला खुंट. आतल्या बाजूला भिंग लावलं तर शिशावर कापडाच्या विणीचा ठसा दिसतो, ताणा आणि बाणा वेगळा मोजता येतो. आपण जिला बनात म्हणतो त्या जाड लोकरी कापडावर अशा मोहरा लागत, आणि कंपनी ती बनात हिंदुस्थानात विकायला पाठवी. राजापूरला कंपनीची वखार होती, १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली, हे आमच्या गावात पोराटोरांना ठाऊक असतं. ही मोहर त्यानंतरची, अठराव्या शतकातली. तरी केंटच्या चिखलातून कंपनीच्या खुणेसह ती वर आली तेव्हा मला काय वाटलं असेल ते कोकणातल्या वाचकाला सांगायला नको.

ती शेतात कशी आली? इथे लोकरीच्या चिंध्या खत म्हणून शेतात टाकत, विशेषतः बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सच्या मळ्यांत. शहरातला मैला आणि केरही गाड्या भरभरून शेतांवर येई. त्यातून बटणं, बकलं, अंगुस्तानं, मोहरा सगळं मातीत गेलं.

ही ओळख मी एकटीने पटवलेली नाही. इथे १९९७ पासून एक सरकारी योजना आहे, ब्रिटिश म्युझियम ती चालवतं. भागाभागात एक नोंदणी अधिकारी असतो, बहुधा एखाद्या संग्रहालयात बसणारा पुरातत्त्वज्ञ. सापडलेली वस्तू त्याच्याकडे न्यायची. तो मोजतो, वजन करतो, दोन्ही बाजूंचे फोटो काढतो, जागा नकाशावर टिपतो, आणि वस्तू परत देतो. पैसे पडत नाहीत. आजवर १५ लाखांहून अधिक वस्तूंची अशी नोंद झाली आहे. सोन्या-चांदीचा खजिना वेगळा, त्याला १९९६ चा कायदा आहे आणि १४ दिवसांत कळवावं लागतं. संरक्षित स्मारकाच्या जागी यंत्र चालवायलाच बंदी आहे, आणि इतरत्रही शेतमालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही.

अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो, कुठे सापडलं? कुठल्या शेतात, किती खोल, शेजारी आणखी काय होतं. न्यूरेंबर्गमध्ये पाडलेल्या पितळी चकत्या इथे खूप सापडतात. पुष्कळांना त्या सोन्याची नाणी वाटतात. प्रत्यक्षात त्या हिशेबाच्या सोंगट्या, रेघा आखलेल्या पटावर सरकवून बेरीज-वजाबाकी करायच्या. एकटी सोंगटी दोन मिनिटांत ओळखू येते. पण एकाच शेतात चार सोंगट्या आणि कापडाच्या दोन मोहरा निघाल्या, तर तिथे व्यापाऱ्यांची ये-जा होती का हे विचारता येतं. जागा हरवली की तो प्रश्नच मरतो.

आपल्याकडे याचं ठसठशीत उदाहरण अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातल्या दायमाबादचं आहे. १९७४ मध्ये एका स्थानिक भिल्लाला झाडाचं खोड उकरताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. एवढा अपूर्व ठेवा, पण शास्त्रीय उत्खननात, थराच्या नोंदीसह तो मिळाला नाही म्हणून त्याच्या काळाबद्दल अभ्यासकांत अजून वाद आहे. उलट धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि शेतात सापडणाऱ्या वस्तू जपून ठेवल्या. आज तिथे त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय उभं आहे आणि सातवाहनकालीन तेर डोळ्यांसमोर येतं.

महाराष्ट्रात घरोघरी मेटल डिटेक्टर यावेत असं मी मुळीच म्हणत नाही. आपल्याला त्याची गरजही नाही. नांगरट, विहीर, शेततळं, जेसीबी यांनी रोज काही ना काही वर येतं. ते जातं कुठे? कुणी सराफाकडे वितळवतं, कुणी देव्हाऱ्यात ठेवतं, कुणी भीतीने पुन्हा पुरतं. भीती खोटी नाही. १८७८ चा निखातनिधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांवर किंमत असलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आज दहा रुपयांत चहासुद्धा जेमतेम येतो. शेतकऱ्याला वाटतं, दाखवायला गेलो तर वस्तू जाईल आणि वर पोलीस दारात येतील. त्याच कायद्यात शोधणाऱ्याच्या हिश्श्याचीही तरतूद आहे, पण ते त्याला सांगतं कोण?

राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाची संग्रहालयं आहेत, तिथे जाणकार माणसं आहेत. महिन्यातून एक दिवस ठरवून त्यांनी लोकांच्या वस्तू बघाव्यात, कायदा काय म्हणतो ते नीट समजावून सांगावं, आणि गट नंबरासकट नोंद ठेवावी. लोकांनीही वस्तू चिंच-मिठाने घासून लख्ख करू नये. त्याने पुसट अक्षरं जातात आणि ती पुन्हा येत नाहीत.

आपल्या वृत्तपत्राला माझी एक विनंती आहे. जिल्हा आवृत्तीत आठवड्याला एक छोटा चौकोन द्यावा. वाचकाने पाठवलेला एका वस्तूचा फोटो, शेजारी मोजपट्टी, खाली फक्त तालुक्याचं नाव (नेमकी जागा छापू नये, नाहीतर तिथेही रात्री टॉर्च पोचतील), आणि पुढच्या आठवड्यात जाणकाराचं उत्तर. पहिल्या चौकोनासाठी माझ्या मोहरेचा फोटो मी आनंदाने पाठवीन.

कळावे, लोभ असावा.

— एक वाचक, केंट (मूळ राजापूर तालुका)