श्टुटगार्टचं रिकामं घर आणि तेवीस किलोची बॅग

श्टुटगार्ट,
16 नोव्हेंबर

सौ. ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं इथलं, जर्मनीतलं घर पक्कं झालं आणि जानेवारीत ताबा मिळतोय हे दाजींनी कळवलं. फार बरं झालं. साताऱ्यात बॅगा पलंगावर उघडून ठेवल्या असतील आणि आई रोज त्यात काही ना काही टाकत असेल, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते. फोनवर सांगितलेलं निम्मं राहून जातं.

इथे भाड्याचं घर रिकामं मिळतं ते अगदी रिकामं. पडद्यांचे दांडे नाहीत, कपाटं नाहीत, छताला दिवा नाही. नुसती वायरींची टोकं लोंबत असतात. कित्येक घरांत तर ओटा आणि सिंकसुद्धा आधीचा भाडेकरू काढून नेतो. हे ऐकलं की वाटतं, मिळेल ते सगळं घरून न्यावं. तसं करू नकोस. आपल्याकडच्या बऱ्याच वस्तूंची मापं आणि जोडण्या इथे बसत नाहीत. आणायचं ते कापड, मसाले आणि मिक्सर. बाकी बहुतेक इथे घ्यायचं.

दिव्यांचंच बघ. आपले दोन टाचण्यांचे, दाबून फिरवायचे बल्ब इथल्या होल्डरमध्ये जातच नाहीत. इथे आट्यांचे बल्ब असतात, मोठा ई-27 आणि लहान ई-14. म्हणून बल्ब, होल्डर, टेबल लॅम्प काही आणू नकोस. आकाशकंदील मात्र घडीचा आण. त्याला इथे ई-27 होल्डरची वायर लावली की झालं. विजेचा दाब आपल्यासारखाच आहे, 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लागत नाही. मोबाइलच्या चार्जरची बारीक दोन पिनांची प्लग थेट बसते. अडतं ते तीन पिनांच्या प्लगचं, कारण इथल्या सॉकेटला वरची जाड अर्थिंगची पिन नाही. अर्थिंग कडेच्या पत्र्याच्या पट्ट्यांतून मिळतं. मिक्सरसाठी अर्थिंग जोडणारा ॲडॅप्टरच घ्या. विमानतळावर मिळणाऱ्या स्वस्त ॲडॅप्टरपैकी बऱ्याचांत फक्त दोन पिना जोडलेल्या असतात, अर्थ सुटलेला असतो. सगळ्यात चांगलं म्हणजे इथे आल्यावर मिक्सरची प्लगच बदलून घ्यायची.

मिक्सर आणच. चार-पाच किलो जातात, पण इथले ब्लेंडर ओलं खोबरं, सुकी चटणी, भाजलेले मसाले नीट वाटत नाहीत. एक चटणीचं भांडं आणि एक मधलं पुरे. मोठं ज्यूसचं भांडं घरीच ठेव. भांड्यांच्या आत मोजे आणि डब्यातल्या पुड्या भर, म्हणजे जागा वाया जात नाही. कुकरचं मात्र आधी शेगडी बघून ठरव. घरमालकाकडून शेगडीचा फोटो मागव. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर आणि तवा ती ओळखणारच नाही. खात्री करायला फ्रिजचं मॅग्नेट भांड्याच्या बुडाला लावून बघ, घट्ट चिकटलं तर चालेल. साधी काचेची गरम होणारी शेगडी असेल तर ॲल्युमिनियम चालतं, पण बूड सपाट हवं. खोलगट तवा मध्येच टेकतो, आणि पोळी एका जागी करपून कडेला कच्ची राहते.

अंथरुणाचं मापही लिहून ठेव. इथली जोडप्याची गादी 160 किंवा 180 सेंटिमीटर रुंद आणि 200 लांब, जाडी वीसपासून पंचवीसपर्यंत. आपली 90 बाय 100 इंची चादर म्हणजे साधारण 228 बाय 254 सेंटिमीटर. ती 160 च्या गादीवर नीट खोचली जाते, 180 वर रुंदीला कमी पडते. उशा इथे चौकोनी, 80 बाय 80, त्यामुळे आपल्या उशांचे अभ्रे उपयोगाचे नाहीत. पांघरायला एकच मोठी रजई नसते. दोघांना दोन वेगळ्या, प्रत्येकी 135 बाय 200. तुझी ती जड कापसाची रजई आणू नकोस. व्हॅक्यूमच्या पिशवीत घालून हवा काढली की ती चपटी होते, पण वजन तेवढंच राहतं आणि बॅग निम्मी रिकामी असतानाच काटा 23 किलोच्या मर्यादेवर जातो. त्याऐवजी एक सोलापुरी चादर आण. सोफ्यावर, पायांवर, पाहुणा आला तर अंथरायला, सगळीकडे ती चालते. आईच्या हातची एक गोधडीही आण. वजन होईल, पण तेवढं झालं तरी चालेल.

आणि साड्या. कपाटात पडून असलेल्या दोन-तीन सुती साड्या, इरकलच्या असल्या तर फारच छान, पडद्यांसाठी आण. एकीचं वजन साधारण अर्धा किलो. इथले तयार पडदे एक तर झिरझिरीत पांढरे नाही तर जाड करडे असतात. काठाची साडी लावली की खोलीच बदलून जाते. माप असं बसतं. बाल्कनीच्या दाराचा दांडा जमिनीपासून साधारण 2 मीटर 30 वर लागतो (छत 2 मीटर 40-50 असेल तर, जुन्या इमारतीत 3 मीटरच्या वर असतं, तिथे हिशोब वेगळा). साडी आधी कोमट पाण्यात धुऊन वाळव, कारण सूत आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर पडदा घोट्याच्या वर जाऊन बसतो. मग पदर नसलेल्या टोकाकडून 2 मीटर 40 चे दोन तुकडे काप. वर 3 आणि खाली 8 सेंटिमीटर दुमडलं की 2 मीटर 29 उरतात, त्यात क्लिपच्या रिंगांची उंची मिळवली की पडदा जमिनीवर लोळेल. म्हणून खालची दुमड 12-13 करायची. खाली वजन आलं की सुती कापड सरळ पडतं. काठ दोन्ही बाजूंनी उभे येतात, ते फार देखणं दिसतं. साडेपाच मीटरच्या साडीतून पदराचा जो अर्ध्या-पाऊण मीटरचा तुकडा उरतो त्यात 40 बाय 40 च्या दोन उश्यांचे पुढचे भाग निघतात. मागे साधं कापड. शिवणयंत्र इथे नाही, तेव्हा धुणं, कापणं, दुमडणं साताऱ्यातच उरक, फक्त खालची दुमड कच्च्या टाक्यांवर ठेव. वरती काही शिवू नकोस, इथे क्लिपवाल्या रिंगा मिळतात, त्यांत कापड नुसतं पकडायचं.

दांडा कुठे लावायचा हे फार महत्त्वाचं. इथल्या खिडक्या आत उघडतात. दांडा खिडकीएवढाच घेतला तर खिडकी उघडताना पडदा फटीत अडकतो. दोन्ही बाजूंना किमान 20-25 सेंटिमीटर जास्त घ्या, म्हणजे पडदा भिंतीवर सरकवता येतो. खिडकीच्या कट्ट्यावर कुंड्यांची रांगही मांडू नकोस, रोज उचलायला लागेल. आणि खिडकीखाली हीटर असतो, तिथे लांब पडदा मुळीच नको. ऊब पडदा आणि काच यांच्यामध्येच अडकते. त्या खिडक्यांना कट्ट्यापर्यंतचाच पडदा. साडीने थंडी अडत नाही हेही लक्षात ठेव. खिडकीबाहेर गुंडाळलेलं शटर असेल तर ते रात्री खाली करायचं, थंडी तेच अडवतं.

आता भिंती. इथल्या बऱ्याच भाड्याच्या घरांत भिंतीला लाकडाच्या भुशाचा खरबरीत कागद लावून वर पांढरा रंग दिलेला असतो. हा कागद हुगो एर्फुर्ट या जर्मन माणसाने 1864 मध्ये काढला, आणि आजही तोच चालू आहे. त्यावर चिकटवायचे हुक टिकत नाहीत. हुकाची पट्टी फक्त उंचवट्यांना टेकते, आणि दोन-चार दिवसांत फोटोसकट खाली येते, येताना कागदही सोलते. हलक्या फ्रेमला बारीक खिळा मार. फळी, आरसा, पडद्याचा दांडा यांना 6 मिलिमीटरचं भोक, 6 चाच प्लॅस्टिकचा डॉवेल (स्क्रू घट्ट धरायला भोकात बसवायची नळी) आणि साडेचार मिलिमीटरचा स्क्रू. (हा प्लॅस्टिकचा डॉवेल आपल्याच राज्यातल्या आर्टुर फिशर यांनी 1958 मध्ये शोधला. आपल्याच म्हणजे तुमच्या नव्या राज्यातल्या.) भोक पाडताना भुकटीकडे लक्ष दे. लाल आली तर वीट, करडी आली आणि ड्रिल पुढे जात नसलं तर काँक्रीट, तिथे हॅमर ड्रिल लागतं. पांढरी मऊ आली आणि ड्रिल एकदम पोकळीत गेलं तर जिप्समचा पत्रा. त्याला साधा डॉवेल धरत नाही, पोकळ भिंतीचा वेगळा मिळतो. स्विच आणि सॉकेटच्या सरळ वर, खाली किंवा रेषेत कधीच भोक नको, वायरी तिथूनच जातात. न्हाणीघरात टाइलवर नाही, दोन टाइलांच्या सांध्यात. रविवारी ड्रिल अजिबात चालवायचं नाही, रात्री दहानंतरही नाही. दुपारच्या शांततेची वेळ इमारतीच्या नियमावलीत वाचून घ्या.

छतातला दिवा दाजींनी स्वतः जोडायची घाई करू नये. रंग ठरलेले आहेत, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ, तपकिरी किंवा काळी फेज. पण जुन्या इमारतींत हे रंग पाळलेले नसतात, तेव्हा इलेक्ट्रिशियनच बोलवा. आणि खरं म्हणजे छताच्या दिव्यावर भिस्त ठेवूच नका. जानेवारीत इथे सकाळी आठच्या सुमाराला उजाडतं आणि पाचच्या सुमाराला अंधारतं, म्हणजे संध्याकाळ फार लांब असते. आपल्या ट्यूबलाइटचा पांढराफटक उजेड अशा संध्याकाळी अंगावर येतो. बल्बच्या खोक्यावर 2700 के (म्हणजे केल्विन, पिवळसर उजेड) लिहिलेलं असेल ते घे. सोफ्याच्या कोपऱ्यात 800 ल्यूमेनचा उभा दिवा, दुसऱ्या कोपऱ्यात त्याच्या निम्म्याचा टेबलावर. दोन्ही बसल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीच्या आसपास. ओट्यावर मात्र 4000 के, भाजी निवडायला तो हवा.

हे सगळं छान मांडून झालं तरी एक गोष्ट चुकली तर घर खराब होतं, ती म्हणजे बुरशी. खोलीतली हवा उबदार असते आणि आपल्या स्वयंपाकाची, आंघोळीची, घरात वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ ती धरून ठेवते. मशीनभर कपडे वाळताना सुमारे दोन लिटर पाणी हवेत जातं. ही हवा बाहेरच्या भिंतीच्या थंड कोपऱ्याला लागली की तिथे पाणी सुटतं आणि कपाटामागे काळे ठिपके दिसायला लागतात. उपाय एकच, दिवसातून तीनदा खिडक्या पूर्ण उघडायच्या, समोरासमोरच्या असतील तर दोन्ही, पाच ते दहा मिनिटं, आणि तेवढा वेळ हीटर बंद. खिडकी वरून तिरकी करून तासन्‌तास ठेवायची सवय मात्र लावून घेऊ नका. हवा नीट बदलत नाही आणि खिडकीभोवतीची भिंत गार पडते, बुरशी बरोबर तिथेच धरते. बाहेर पाऊस असला तरी उघडायचं. शून्य अंशाची ओली हवा आत येऊन वीस अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता 30 टक्क्यांच्याही खाली जाते. आर्द्रतामापक दहा युरोंच्या आसपास मिळतो, काटा 40 ते 60 मध्ये हवा. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट किंवा पलंग ठेवायचा तर मध्ये 10 सेंटिमीटर जागा सोड. हीटरच्या खुंटीवरचा 3 म्हणजे साधारण 20 अंश. 5 वर फिरवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते.

खाण्याचं. तूप, पेढे, खवा, दुधाचं काहीही आणि मांसाचं काहीही युरोपात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून टाकतात. ताजा कढीपत्ता नको, सावलीत वाळवून आण. खोबऱ्याच्या वाट्या किंवा गोटा बॅगेत ठेवू नका. तेलकट असल्याने ते आपोआप पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात चालत नाही. इथे खोबऱ्याचा कीस कुठल्याही दुकानात मिळतो. दुबईमार्गे येत असाल तर खसखस अजिबात नको, तिथे तो गुन्हा आहे. डाळी, तांदूळ, पोहे, कणीक इथे मिळतं, त्यात एक किलोही घालवू नका. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, आमसुलं एवढंच आण. कांदा-लसूण मसाल्याला तेल सुटतं, तो दोन पिशव्यांत आणि वर स्टीलच्या डब्यात. लोणचं मोठ्या बॅगेतच, हातातल्या बॅगेत ते द्रवात धरतात.

कपडे प्रत्येकी आठ दिवसांचे पुरे. जाड कोट आणि बर्फाचे बूट इथे घ्या. आतून घालायचे थर्मल प्रत्येकी दोन जोड आण. सगळ्यात जड स्वेटर आणि बूट प्रवासात अंगावर. मोठी बॅग स्वतःच साडेतीन-चार किलोंची असते, म्हणजे भरायला एकोणीस. काट्याकाट्यांत फरक पडतो, बावीसवर थांबा. पॉवर बँक हातातच, 100 वॉट-अवरपर्यंतची. 20,000 एमएएचची साधारण 74 ची असते. बाबांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडून औषधांची चिठ्ठी इंग्रजीत टाइप करून घे, औषधं तीन महिन्यांपेक्षा जास्त नकोत. लग्नाचा दाखला आणि चिऊच्या जन्माचा दाखला मूळ प्रती हातातल्या बॅगेत. घरात राहायला आल्यावर दोन आठवड्यांच्या आत पालिकेत नाव नोंदवायचं असतं, तेव्हा लागतात.

ताबा घेताना प्रत्येक भिंतीचा, खिडकीचा, नळाचा फोटो काढायचा आणि डाग, ओरखडे ताबापत्रात लिहून घ्यायचे. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकते, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे, हे दाजींना सांग. जिना झाडायची पाळीही येईल, इकडे ती आळीपाळीने प्रत्येक भाडेकरूकडे असते. दारावर पाटी लटकली की आठवडा तुमचा.

आता मला एवढं कळव: छताची उंची, बाल्कनीच्या दाराची रुंदी, हीटर कुठल्या खिडकीखाली आहेत, आणि शेगडीचा फोटो. दांडे आणि क्लिपा मी तुम्ही यायच्या आधीच आणून ठेवते.

आई-बाबांना सा. नमस्कार, दाजींना नमस्कार, चिऊला गोड पापा.

तुझी,
छोटी