चप्पल

पुणे, रविवार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, तुझी सगळ्यात भारी केस कुठली?" आणि मी गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. दूध नव्हतं. जी केस आठवली ती सुटलेलीच नाही. आम्ही तिची 'अ समरी' पाठवली. गुन्हा खरा, आरोपी मिळून आला नाही. नाशिकच्या पोलीस अकादमीत हे शिकवलं असेल एव्हाना.

२०१९ चा पावसाळा. कालव्याजवळ एका भंगारवाल्या म्हाताऱ्याचा खून झाला. तिसऱ्या दिवशी सगळ्या वस्तीने एकच पोरगं पुढे केलं. शाळा सुटलेली, पंक्चरचं सोल्युशन हुंगायचं, डाव्या हातावर ब्लेडच्या रेघा. नाव लिहीत नाही. कायद्यानेच मनाई आहे, आणि तुलाही सांगणार नाही. "तोच असणार मॅडम," सगळे म्हणाले. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्याचं वय शोधण्यात अर्धा दिवस गेला. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजवा कालवा फुटून दांडेकर पुलाच्या वस्तीत पाणी घुसलं, त्यात घरातल्या भांड्याकुंड्यांबरोबर त्याचा दाखलाही गेला होता. शेवटी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तारीख सापडली. सोळा पूर्ण. खुनासारख्या गुन्ह्यात सोळाच्या पुढच्या पोराला मोठ्यांसारखं चालवायचं का, हे बाल न्याय मंडळ ठरवू शकतं, म्हणून ती एक तारीख एवढी महत्त्वाची.

नियमात कुठे चुकले नाही गं मी. गणवेश उतरवून साधा ड्रेस घातला. बेडी नाही, कोठडी नाही. त्याच्या आईला शेजारी बसवलं, चहा-पोहे मागवले. तो पोह्यांतले शेंगदाणे वेचून बशीच्या कडेला ओळीने लावत होता. खात नव्हता, नुसता लावत होता.

"दगडाने मारलंस?"
"हो."
"मागून?"
"हो."
"पैशासाठी?"
"हो."

साहेब खूश. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात शून्य, हे तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम २५ पासून पाठ होतं (तुम्ही आता ते साक्ष्य अधिनियमाचं २३ म्हणून घोकता). पण काही काढून दिलं तर तेवढा भाग चालतो. म्हणून पंच बोलावले, निवेदन पंचनामा केला, आणि त्याने कालव्याकाठचा एक दगड उचलून दिला. तिथे दगडांना काय तोटा!

मग ससूनचा शवविच्छेदनाचा सविस्तर अहवाल आला. वार धारदार शस्त्राचा, समोरून. दगडावर रक्ताचा थेंब नाही.

गुरुग्रामच्या शाळेतलं प्रकरण तुला आठवत असेल. सप्टेंबर २०१७ मध्ये सात वर्षांच्या मुलाचा खून झाला, त्याच दिवशी पोलिसांनी बसच्या कंडक्टरला धरलं आणि त्याने कबूल केलं म्हणून सांगितलं. नोव्हेंबरमध्ये सीबीआयने अकरावीतल्या मुलाला ताब्यात घेतलं, कंडक्टर पुढे सुटला. तेव्हा डबा खाताना आम्ही सगळे त्या पोलिसांना हसलो होतो. मी जरा जास्तच.

येरवड्याच्या निरीक्षणगृहात आमच्या त्या पोराला जाऊन विचारलं, "हो का म्हणालास रे?"

"तुम्ही हो ऐकायलाच बसला होता."

एवढंच. मग भिंतीकडे बघत, मी न विचारता, म्हणाला, "त्याची एक चप्पल काट्यावर होती."

मनू, माझे हात गार पडले. भंगार तोलायच्या काट्यावर खरंच एक चप्पल होती. पंचनाम्यात आहे, बाहेर कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे तो तिथे होता? त्याने केलं, की करताना कुणाला पाहिलं, की दुसऱ्या दिवशी गर्दीत डोकावून गेला? की पोहे समोर असताना माझ्या टेबलावर फाइल उघडी होती, त्यातला फोटो त्याने उलटा वाचला? फाइल उघडी होती की मिटलेली, मला आठवत नाही. पुष्कळ आठवून पाहिलं.

त्यानंतर तो काहीही म्हणाला असता, तरी ते त्याचं की मी त्याच्या तोंडात घातलेलं, हे कुणाला सांगता आलं नसतं. एकच माणूस काही जाणत होता आणि ते पाणी मीच पाय घालून गढूळ केलं. मंडळाने त्याला आईच्या ताब्यात दिलं. वर्षभराने समरी गेली. म्हाताऱ्याची मुलगी अजून दिवाळीच्या आसपास ठाण्यात येऊन बसते, चहा घेत नाही.

गेल्या महिन्यात स्कूटरमध्ये हवा भरायला थांबले तर तो. दाढी आलीय, उन्हाळ्यातही बाह्या मनगटापर्यंत. मला ओळखलं. हवा भरली, व्हॉल्व्हचं टोपण बोटाने दोनदा घट्ट केलं, पैसे घेतले नाहीत. मी चप्पल विचारणार होते. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला, आणि मी निघाले.

पायाचे फोड बरे झाले का ते कळव. परेडला दोन मोजे घाल.

तुझी
आई