पिस्तूल घेण्याआधी

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझा परवाना झाल्याचं कळलं. तू चार पिस्तुलांची नावं पाठवलीस आणि त्यातलं कोणतं घेऊ, असं विचारलंस. चारही नावं चांगली आहेत. पण नुसत्या नावावरून निवडणं मला पटत नाही आणि फोनवर एवढं सगळं सांगून होणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. नोकरीत पिस्तूल माझ्या कमरेला राहिलं, पुढे नव्या पोरांना ते शिकवलं, अडलेली पिस्तुलं उघडून कारण शोधलं. या सगळ्यातून मनात एकच कसोटी पक्की झाली. ट्रिगर ओढला की गोळी सुटलीच पाहिजे, आणि ट्रिगर ओढलेला नसेल तर पिस्तूल पडलं, आपटलं, काहीही झालं तरी ती सुटता कामा नये. अचूकपणा, वजन, मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत, किती राउंड (काडतुसं) मावतात, हा विचार त्यानंतर.

आधी आत काय घडतं ते समजून घे. गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाते. एक्स्ट्रॅक्टरची आकडी रिकामी पुंगळी चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या काडतुसाच्या जागेतून, ओढून आणते, इजेक्टर ती बाहेर उडवतो. मग स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते, स्लाइड मॅगझिनमधला सगळ्यात वरचा राउंड सोबत घेते आणि चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावरून आत बसवते. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे सगळं होऊन जातं. रिव्हॉल्व्हरमध्ये चक्र फिरवायला तुझ्या बोटाची ताकद असते. इथे ती ताकद काडतुसाची, आणि पिस्तुलाला मागून घट्ट आधार तुझ्या मनगटाचा. म्हणून काडतूस कमजोर असेल, स्प्रिंग थकली असेल, मॅगझिन वाकलं असेल किंवा मनगट ढिलं पडलं असेल, तर उत्तमातलं उत्तम पिस्तूलही अडतं. पिस्तूल, मॅगझिन, काडतूस आणि हात या चौघांची मिळून परीक्षा होते. दुकानदार त्यातलं एकच दाखवतो.

तुझ्या यादीतलं सगळ्यात छोटं पिस्तूल मी पहिल्यांदा खोडतो. पर्समध्ये सहज मावेल हे खरं. पण स्लाइड हलकी आणि तिचा प्रवास आखूड असला की तिला आवरायला स्प्रिंग कडक लावावी लागते. ती स्लाइड ओढायला तुझ्या हातांना जास्त जोर लागेल, धक्का तीव्र बसेल, आणि राउंड नीट वर येण्यासाठी मिळणारा वेळही कमी राहील. लहान हाताला लहान पिस्तूल, हा सल्ला तुला बरेच जण देतील. मधल्या आकाराचं पिस्तूल तुला सोपं जाईल आणि जास्त भरवशाचंही निघेल.

नाव कशाने मोठं होतं तेही बघ. मार्च १९११ मध्ये अमेरिकी सैन्याने शस्त्रं आखणाऱ्या जॉन ब्राउनिंगच्या पिस्तुलाची परीक्षा घेतली तेव्हा त्यातून ६००० राउंड झाडले. ते फार तापलं की पाण्यात बुडवायचे आणि पुन्हा सुरू. ते एकदाही अडलं नाही, आणि त्याच वर्षी सैन्याने ते स्वीकारलं. त्याआधीचं जर्मन लुगर बघ. कारागिरी अप्रतिम, नेम सुरेख, पण भाग इतके घट्ट बसवलेले की खंदकातला चिखल त्याला सोसत नसे. मी ज्या घराण्यातलं पिस्तूल वापरलं ते हाय-पॉवर ब्राउनिंगनेच आखायला घेतलं होतं. १९२६ मध्ये तो गेला, मग द्यूदोने सेव्हने ते पुरं केलं आणि १९३५ मध्ये ते बाहेर आलं, मॅगझिनमध्ये १३ राउंड घेऊन. त्याच्यावर माझा आजही जीव आहे. तरीही तुला मी ते सुचवत नाही. ब्रिटिश सैन्याने २०१३ मध्ये तेच हाय-पॉवर बाजूला ठेवून ग्लॉक १७ घेतलं, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो. गॅस्टन ग्लॉकने त्याआधी कधी पिस्तूल बनवलं नव्हतं. प्लास्टिकची बॉडी म्हणून जुन्या लोकांनी नाकं मुरडली, पण ऑस्ट्रियाच्या सैन्याने ते १९८२ मध्येच घेतलं होतं. त्यात भाग थोडे, गंजायला धातू कमी, आणि प्रत्येक वेळी ट्रिगरचा ताण सारखा. तुझ्या यादीतलं दुसरं आणि तिसरं पिस्तूल याच पद्धतीचं आहे. चौथ्याला मागे बाहेर दिसणारा घोडा (हॅमर) आहे आणि त्याचा पहिला राउंड लांब, जड ट्रिगरने सुटतो, पुढचे हलक्या ट्रिगरने. ते वाईट नाही, फक्त सराव दुप्पट लागतो.

आता मॅगझिन. ताई, इथे नीट लक्ष दे, कारण शिकवत असताना माझ्यासमोर अडलेल्या पिस्तुलांपैकी बहुतेकांचा दोष पिस्तुलात नव्हताच. पोरं स्लाइड उघडून, तेल घालून, घासून दमायची. मी मॅगझिन बदलायला लावायचो आणि पिस्तूल चालू व्हायचं. मॅगझिनच्या तोंडाशी पत्र्याचे जे दोन ओठ असतात ते राउंडला ठरावीक कोनात धरून ठेवतात. मॅगझिन काँक्रीटवर पडून एक ओठ किंचित जरी उघडला, तरी राउंड नाक वर किंवा खाली करून येतो आणि उतारावर अडकतो. आतली स्प्रिंग थकली तर राउंड वेळेवर वर येत नाही आणि स्लाइड त्याला न घेताच पुढे निघून जाते. म्हणून मॅगझिन मूळ कारखान्याचीच घे, निदान तीन. प्रत्येकाच्या बुडावर पक्क्या शाईने आकडा टाक. म्हणजे पिस्तूल अडलं की कुठल्या आकड्यावर अडलं ते कळेल. सरावात खाली पडणारी मॅगझिन वेगळी, कमरेची वेगळी. दोनदा अडलेलं मॅगझिन कमरेला लावायचंच नाही.

हातात कसं बसतं ते दुकानात बघता येईल. आधी मॅगझिन काढून, स्लाइड मागे ओढून चेंबर रिकामं आहे ना हे डोळ्यांनी बघ आणि बोट घालूनही बघ, विकणाऱ्याने बघून दिलं असलं तरी. मग पकड घे. नळी हाताच्या रेषेत सरळ असताना तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर आलं पाहिजे. बोट पोचावं म्हणून मूठ फिरवावी लागली तर ते पिस्तूल तुझं नाही. मागची पट्टी बदलून मूठ लहानमोठी करता येते का ते विचार. मॅगझिन सोडायचं बटण पकड न मोडता दाबता यावं.

परवान्यात बसत असेल तर ९ मिलिमीटर पॅराबेलमच घे. गेऑर्ग लुगरचं हे काडतूस १९०२ पासून चालत आलंय, सगळीकडे बनतं आणि धक्का आवरता येतो. गोळी ११५, १२४ किंवा १४७ ग्रेनची मिळते. १२४ ग्रेन म्हणजे साधारण ८ ग्रॅम, मी तिथूनच सुरुवात करीन. गोल टोकाची, पूर्ण आवरणाची गोळी जवळपास कोणत्याही चांगल्या पिस्तुलात चढते. पोकळ टोकाची एखाद्या पिस्तुलात अडते, एखाद्यात मुळीच अडत नाही. हे झाडून बघितल्याशिवाय कळत नाही.

आणि झाडून बघायचंच. सरावाची ३०० काडतुसं, मग रोज जी भरणार त्यातली निदान १००, सगळ्या मॅगझिनमधून वाटून. काही एका हाताने, काही डाव्या हाताने. प्रत्येक अडथळा वहीत लिही: आकडा, काडतूस, काय झालं. पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकली तर बहुधा मनगट ढिलं किंवा एक्स्ट्रॅक्टर खराब. नुसती टक् झाली आणि राउंड सुटला नाही तर सरावात नळी निशाण्याकडेच धरून अर्धा मिनिट थांब, उशिरा सुटणारा राउंड असू शकतो. आवाज फुसका आला आणि धक्का नेहमीपेक्षा कमी लागला तर लगेच थांब. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी सोडलीस तर नळी फाटेल. या शेवटच्या गोष्टीत मला तुझ्याकडून शब्द हवा आहे.

ट्रिगर हलका करून देतो म्हणणारा कोणी भेटला तर नको म्हण. कारखान्याने सेफ्टीचा आणि स्प्रिंगचा मेळ विचार करून बसवलेला असतो. साफसफाई फार नाही: झाडून आल्यावर नळीतून ब्रश, मग कोरडी चिंदी, स्लाइडच्या खाचांना तेलाचे थेंब, चेंबर कोरडं. जादा तेल धूळ धरतं आणि काडतुसाचं प्रायमर, म्हणजे बुडातली पेट घेणारी टिकली, खराब करू शकतं. स्प्रिंग कधी बदलायची ते पुस्तिकेत असतं, ते पाळ.

घरात लहान मूल आहे, म्हणून कुलपाची पेटी पिस्तुलासोबतच विकत घे. पिस्तूल एका कुलपात, काडतुसं दुसऱ्यात, आणि दोन्ही किल्ल्या तुझ्याजवळ. कपाटावर किंवा उशीखाली एक रात्रही नाही.

आता दुसरं आणि तिसरं, दोन्ही रेंजवर मागून घे आणि पन्नास पन्नास राउंड झाडून बघ. तर्जनी कुठपर्यंत पोचली, स्लाइड ओढताना दम लागला का, कोणतं किती वेळा अडलं, ते सगळं लिहून पाठव. तोवर पैसे भरू नकोस.

तुझे,
बाबा