आरोग्यमंत्री साहेब, पोरींचंच नाही, पोरांचं रक्त पण तपासा की

मा. आरोग्यमंत्री साहेब,

नमस्कार जी. मी गडचिरोली जिल्ह्यातला. मागच्या वर्षी गावात सिकलसेलचं (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) शिबिर झालं, बोटाला टोचलं, रक्त नेलं आणि मग आशाताईंनी घरी कार्ड आणून दिलं. माझ्या बहिणीच्या कार्डावर एएस. म्हणजे काय ते कोणी सांगितलं नाही, आईने ते कार्ड तांदळाच्या डब्यात लपवून ठेवलं.

मग मीच मोबाईलवर वाचत बसलो. माणसाच्या जिनोममध्ये, म्हणजे पेशीतल्या सगळ्या आनुवंशिक माहितीत, जवळपास 300 कोटी अक्षरं, त्यातलं अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जीनमधलं एकच अक्षर बदललं, ए च्या जागी टी आलं, की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. बहिणीकडे असा एकच जीन आहे, दुसरा चांगला आहे, म्हणजे ती वाहक, आजारी नाही. धानाच्या रोवणीला माझ्यापेक्षा जास्त राबते ती. उलट एक जीन असला तर मलेरियापासून थोडा बचाव होतो, म्हणून तर आमच्या जंगलपट्ट्यात तो पिढ्यान्पिढ्या टिकलाय.

पण जुळत आलेली सोयरीक मोडली. मुलाकडच्यांनी कार्ड बघितलं आणि नंतर फोनच उचलला नाही. मुलाचं कार्ड कुठाय विचारलं होतं तर म्हणे त्याने टेस्टच नाही केली, तो धडधाकट आहे. अहो बहीण पण धडधाकटच आहे! आणि एकच जण वाहक असेल आणि दुसऱ्याचे दोन्ही जीन चांगले असतील तर बाळ एसएस (दोन्ही जीन बिघडलेले, म्हणजे खरा आजार) होतच नाही, दोघं वाहक असले तर दर बाळंतपणात 25 टक्के शक्यता. मग मुलगा न तपासता एकट्या पोरीच्या कार्डावरून काय ठरवता?

2023 च्या जुलैत केंद्राने मिशन काढलं, 7 कोटी लोक तपासायचे, 2047 पर्यंत सिकलसेल संपवायचा, चांगलंय. पण शिबिर सकाळी 11 ला, तेव्हा गावात बायका आणि म्हातारे, पोरं आयटीआयला नाहीतर तेलंगणात मिरची तोडायला. दिवाळीनंतर मंडई (आमच्याकडची गावजत्रा) भरते, रात्री नाटकाला अख्खं गाव जमतं, तिथे टेबल लावा ना. आणि कार्ड देताना दहा मिनिटं बसून समजावणारं माणूस द्या. (आजाराचा त्रास कमी करणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांचं तर बोलायलाच नको, चुलतभाऊ एसएस आहे, थंडीत सांधे धरून रडतो, आणि दवाखान्यात गोळ्या आणायला गेलं की "संपल्या, पुढच्या आठवड्यात या".)

पुढच्या महिन्यात नवीन स्थळ येतंय. यावेळी आधी मुलाचं रक्त तपासा म्हणणार आहोत आम्ही, तर त्याला कुठे पाठवायचं तेवढं सांगा.

आपला,
एका वाहक बहिणीचा भाऊ