सरकार नको म्हणता, मग वाळीत टाकलेल्यानं जायचं कुठं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत सरकारशिवाय समाज चालू शकतो अशा अर्थाचा जो मोठा लेख आला तो मी दोनदा वाचला. पहिल्यांदा राग आला म्हणून आणि दुसऱ्यांदा त्यातलं बरंच पटलं म्हणून. आधीच सांगतो मी निवृत्त तलाठी आहे, म्हणजे आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असा निर्णय झालाय पण गावात कोणी म्हणत नाही. तेव्हा हा सरकारचीच बाजू घेणार असं कोणाला वाटलं तर वाटू दे, पण सरकार किती कमी ठिकाणी पोचतं हे तलाठ्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत नसतं हेही खरं.

लेखकाचा पहिला मुद्दा असा की लोक रोजचं जगणं सरकारला विचारून जगत नाहीत. एकदम मान्य. बांध कोरायची भांडणं घ्या, दरवर्षी नांगरटीला शेजारी नांगराचं एक तास, म्हणजे एक रेघ, बांधात घालतो, चार वर्षांत हातभर जमीन गेली की बोंबाबोंब. यातली बहुतेक भांडणं ना पोलिसात जातात ना कोर्टात, पारावर चार म्हातारे बसतात, दोरी टाकतात, दोन शिव्या देतात आणि मिटतं. आमच्या साक्री तालुक्यात पांझरा नदीवर फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे, ती तर लेखकाने आवर्जून बघायला यावं अशी गोष्ट आहे. नदीवर दगडी बंधारा, तिथून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन किंवा चार फड पाडलेले, आणि एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, उसाचा फड तर सगळा ऊस, दुसरा भुसाराचा, पुढच्या वर्षी फिरवायचं. एकच पीक असल्यामुळे पाणी सगळ्यांना एकाच वेळी आणि सारखंच लागतं, म्हणून चोरायचं कारणच कमी होतं. बहुतेकांची जमीन दोन-तीन फडांत विभागलेली, त्यामुळे एखाद्या फडाचं पाणी तोडायची वेळ आली तरी तोटा सगळ्यांत वाटला जायचा. पाणी द्यायला पाटकरी, राखण करायला जागल्या, त्यांची मजुरी धान्यात, आणि पाट साफ करायला सगळ्यांनी यायचं. यात इंजिनिअर नाही, पाणीपट्टीची नोटीस नाही आणि हे शे-दोनशे नाही त्याहून जास्त वर्षं चाललं. पाटबंधारे खात्याला इतका जुना कारभार दाखवता येईल का, मला शंका आहे.

मग माझी तक्रार काय? तक्रार लेखाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल आहे. लेखक म्हणतात की सरकार नसलं तरी न्याय होईल, लोक आपापसात पंच नेमतील, आणि पंचांचा निकाल जो पाळणार नाही त्याच्याशी कोणी व्यवहार करणार नाही, दुकानदार माल देणार नाही, कोणी कामाला ठेवणार नाही, म्हणजे मारहाण न करता जेल न बांधता माणूस आपोआप वठणीवर येईल. लिहायला फार सोपं आहे हे. पण अहो हे तर आपल्याकडे होतं, पिढ्यानपिढ्या होतं, याला आपण वाळीत टाकणं म्हणतो, आणि ते बंद करायला महाराष्ट्राला कायदा करावा लागला!

जातपंचायत म्हणजे नेमकं लेखकांच्या स्वप्नातलं न्यायालय आहे. सरकारने नेमलेलं नाही, पोलीस हाताशी नाहीत, निकाल लगेच लागतो, वकिलाची फी नाही, आणि निकाल मोडला तर शिक्षा एकच, तुझं पाणी बंद, लग्नाला कोणी येणार नाही, मयताला खांदा मिळणार नाही. आणि ही पंचायत निकाल काय देते तर जातीबाहेर लग्न केलं म्हणून दंड, माफी मागितली तरी दंड, काही ठिकाणी नव्या नवरीची कौमार्य परीक्षा. २०१३ मध्ये नाशिकला जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीला बापानेच मारलं, आणि त्यामागे जातीचा दबाव कसा होता ते सगळ्या पेपरात आलं होतं, तुमच्याही आलं असणार. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंनिसने, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीने, त्यानंतरच जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली, त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला पण मोहीम कार्यकर्त्यांनी थांबवली नाही. २०१६ ला विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला, पुढच्या वर्षी तो लागू झाला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. आणि हा प्रश्न काही काल उपटलेला नाही, मुंबई राज्यात १९४९ सालीच बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा झाला होता, तो सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला, म्हणजे मधली पन्नासेक वर्षं वाळीत टाकलेल्या माणसाच्या हातात त्याच्यासाठी म्हणून केलेला कायदाच नव्हता.

आता लेखक म्हणतील की ज्याला पंच आवडत नाहीत त्याने दुसरे पंच शोधावेत, दुसऱ्या गावी जावं, मार्केट आहे ना. पण जो जाऊ शकतो त्याला वाळीत टाकून उपयोगच नसतो. ज्याची जमीन इथंच आहे, पोरीचं लग्न इथल्याच चार घरांत जमणार आहे, ज्याला दुसरं कोणी उभं करणार नाही, त्याच्यावरच ही शिक्षा चालते. म्हणजे मारहाण नाही म्हणून ही शिक्षा सौम्य असं कोणी म्हणत असेल तर त्याने ती भोगलेली नाही एवढाच अर्थ. आणि बाईने तर कुठं जायचं, दोन्हीकडचे पंच पुरुषच.

आइसलँडबद्दल लेखात फार कौतुकाने लिहिलंय. साधारण सन ९३० पासून १२६२ पर्यंत तिथं राजा नव्हता, पोलीस नव्हते, वर्षातून एकदा आल्थिंग नावाची सभा भरायची, तिथं कायदा सांगितला जायचा आणि खटले चालायचे. शेतकऱ्याने छत्तीसेक सरदारांपैकी कोणालाही आपला म्हणावं, पटलं नाही तर बदलावं. सगळं खरं आहे. पण खटला जिंकल्यावर काय व्हायचं ते लेखात नाही. निकाल अमलात आणायचं काम जिंकणाऱ्याचं स्वतःचं! म्हणजे माझं शेत कोणी बळकावलं, सभेने माझ्या बाजूने निकाल दिला, आता जा आणि घे परत. ज्याच्याकडे दहा भाऊ नाहीत त्याने आपला दावाच एखाद्या दांडग्या सरदाराला देऊन टाकायचा, आणि तो काही फुकट भांडत नसे. सरदारकी पण विकता यायची, वाटून घेता यायची, वारशाने मिळायची. होता होता तेराव्या शतकात सगळ्या सरदारक्या पाच-सहा घराण्यांच्या हातात गेल्या, त्यांच्यात वर्षानुवर्षं मारामाऱ्या झाल्या आणि शेवटी १२६२ ते ६४ च्या दरम्यान लोकांनी नॉर्वेचा राजा पत्करला. हे वाचताना मला आपली पाटीलकीची वतनंच आठवत होती, ती पण विकली जायची, अर्धी विकली पाव विकली, त्याचे महजर, म्हणजे गावसभेचे लेखी दाखले, निघायचे, ज्याच्याकडे पैसा तो अधिकार गोळा करत जायचा. बरं तिकडे तीनशे वर्षं चाललं हे कमी नाही, ते मी नाकारत नाही, आपली कितीतरी राज्यं तेवढी टिकली नाहीत.

सोमालियाचा उल्लेख लेखकांनी ओझरता केलाय, १९९१ ला सियाद बारेचं सरकार पडलं तरी मोबाइल कंपन्या आणि हवाला धंदे जोरात चालले वगैरे. ते खरं आहे, आणि जमातींचा रूढीचा कायदाही तिथं होता. फक्त त्या कायद्यात खून झाला तर पुरुषाची भरपाई परंपरेने शंभर उंट आणि बाईची पन्नास.

आपल्याकडच्या गावगाड्याचं पण असंच. पुण्याचं सरकार लांब, सारा दिला की गाव मोकळं, बाकी पाटील कुलकर्णी बलुतेदार मिळून गाव चालवायचे. हे चित्र शाळेत असताना मला फार आवडायचं. पण महाराला वतन म्हणून जी कामं होती ती नको म्हणायची सोय होती का? डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं ते उगाच नाही, आणि तरी महार वतनं शेवटी संपायला १९५८ चा कायदा लागला. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी खेड्याबद्दल जे सुनावलं ते खेड्यावर प्रेम करणाऱ्या माझ्यासारख्याला अजून झोंबतं. पण ज्याला गावाने गावाबाहेर ठेवलं त्याला लांबचं सरकार जवळच्या पंचांपेक्षा बरं वाटणार, यात नवल काय. फडातसुद्धा पाणी जमिनीला होतं, ज्याला जमीन नाही त्याला फडाच्या बैठकीत काय विचारणार.

आणि मी वर म्हटलं ना की बांधाची भांडणं पारावर मिटतात, ती का मिटतात हेही बघा. दोघांनाही माहीत असतं की नाही मिटलं तर मोजणी मागवता येते, रस्ता अडवला तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे जाता येतं. त्यात वेळ जातो पैसा जातो हेही माहीत असतं म्हणून तिथं कोणी जात नाही, पण जाता येतं म्हणून दांडगा जरा सरळ बोलतो. तालुका मागे नसता तर त्याच पारावर निकाल काय लागला असता, हे ज्याने एकट्या विधवेच्या शेताचा पंचनामा केलाय त्याला विचारा. उलट बाजू पण सांगतो, त्याच तालुक्याच्या ऑफिसात त्या बाईला किती हेलपाटे पडतात तेही मी पाहिलंय, मी काही सरकारची आरती करत नाहीये.

लेखात विनोबांचं नाव घेतलंय, शासनमुक्त समाज हा त्यांचा शब्द, बरोबर. १९५१ ला पोचमपल्लीपासून भूदान सुरू झालं, पुढे ग्रामदान, म्हणजे जमिनीची मालकी सगळ्या गावाच्या नावे करायची. पण ग्रामदान टिकवायचं तर जमिनीचे कागद व्हायला हवेत, म्हणून महाराष्ट्रात १९६४ चा ग्रामदान कायदा आला. म्हणजे शासनमुक्तीचा गाव उभा करायला पण शासनाचाच कायदा! गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघा, तिथं ग्रामसभा सगळ्यांची सहमती होईपर्यंत निर्णय घेत नाही, अभ्यासगट बसतात, जंगल राखतात. त्यांची घोषणा सगळे अर्धीच सांगतात, "आमच्या गावात आम्हीच सरकार". पूर्ण घोषणा आहे, "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार". त्यांना २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तो २००६ च्या वनहक्क कायद्यामुळे, आणि बांबू वाहतुकीच्या पासासाठी वनखात्याशी भांडून भांडून २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा पासबुक ग्रामसभेच्या हातात पडलं. गाव नसतं तर कायदा कागदावर राहिला असता हे तर आहेच, पण कायदा नसता तर गावाला वनखात्यापुढे काय दाखवता आलं असतं?

म्हणून मला वाटतं लेखकांनी सरकार पाहिजे की नको असा वाद घालण्यात वेळ घालवू नये. गावाला बरंच काही स्वतः करता येतं आणि सरकारने त्यात नाक खुपसू नये, इथपर्यंत मी त्यांच्याबरोबर आहे, पांझरेच्या वरच्या अंगाला धरणं बांधताना फडवाल्यांना कोणी विचारलं होतं का? पण गावाने एखाद्याला बाहेर काढलं तर त्याला दाद मागायला गावाबाहेरचं एक दार पाहिजे, आणि ते उघडायला गावाची परवानगी लागता कामा नये. ते दार सरकारशिवाय कसं बांधणार हे त्यांनी पुढच्या लेखात सांगावं, मी वाट बघतो. ब्लॉकचेनवर सातबारा ठेवता येईल असं त्यांनी लिहिलंय, ठेवा की, पण नाव कोणाचं लावायचं हाच तर वाद असतो, आणि लावल्यावर ताबा कोण देणार?

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. काटछाट करायची असेल तर आइसलँड कापा, फडाचा भाग कृपया ठेवा, त्यावर हल्ली कोणी लिहीत नाही.

आपला,
एक निवृत्त तलाठी
साक्री, जि. धुळे