उद्यमनगरातल्या मिस्त्रीमामांना

मामा, नमस्कार.

गाडीचा ॲव्हरेज १६ वरून १३ वर आला होता. आधीच्या गॅरेजने प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, एअर फिल्टर नवा घातला आणि शेवटी "पंप बदलून बघा" म्हणून हात झटकले. मूळ घोटाळा त्यांच्याच हातचा होता. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून त्यांनी थर्मोस्टॅट वाल, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप, काढून टाकला होता, आणि तसं सांगितलंही नव्हतं.

तुम्ही स्कॅनरला हात लावायच्या आधी थंड गाडी चालू केलीत आणि माझा तळहात धरून रेडिएटरच्या वरच्या पाइपवर ठेवलात. "थांबा जरा." मिनिटभरातच पाइप कोमट लागायला लागला. वाल जागेवर असता तर पाइप बराच वेळ गार राहिला असता आणि मग एकदम चटका बसला असता. तुम्ही स्वतःच बघून मला नुसतं सांगितलं असतंत तरी चाललं असतं. पण माझा हात धरलात, म्हणून मला कळलं.

इंजिन गार राहिलं की सेन्सर तसंच कळवतो, ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल जास्त सोडतो, ऑइलही घट्ट राहतं. नवे प्लग काळे का पडले, ते तेव्हा उमगलं. ८२ अंशांचा नवा वाल बसवण्याआधी तुम्ही तो दोऱ्याने पातेल्यातल्या तापत्या पाण्यात सोडलात, उकळी यायच्या आत उघडतो हे दाखवलंत. बसवताना वालची बारकी पिन वर ठेवायची, म्हणजे हवा अडकत नाही. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी अजिबात नाही, कूलंटच.

गिअरचं तर कुणी कधी सांगितलंच नव्हतं. कागलच्या सपाट रस्त्याला दोन हजार आरपीएमच्या आत वरचा गिअर टाकायचा, पण पन्हाळ्याच्या चढाला इंजिन धडधडायला लागलं की हट्ट न करता खालचा घ्यायचा. गगनबावड्याच्या उताराला न्यूट्रल कधीच नाही. गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंजेक्टर बंद होतो. न्यूट्रलला इंजिन पेट्रोल पितच राहतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

गिऱ्हाइकाला अडाणी ठेवून धंदा करणारे खूप भेटले. तुम्ही समोर उभं करून सगळं दाखवलंत. मजुरी किती घेतलीत ते लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. परवा टाकी फुल करून मोजलं. पावणेसोळा पडला. मनापासून आभार, मामा.